कार्ड आलं, पैसे का नाही आले?

"सर, कार्ड येऊन वर्ष झालं, पण खात्यात काही येत नाही." कर्जत-खोपोलीच्या घरांत हे वाक्य मी सारखं ऐकतो. कार्ड म्हणजे दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड. ते ओळखपत्र आहे, पेन्शन नाही, एवढी साधी गोष्ट कोणी समजावून सांगत नाही.

दरवाजे दोन आहेत. पहिल्या दरवाजात डॉक्टर शरीर तपासतात आणि टक्के ठरवतात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, ऑटिझम, अध्ययन अक्षमता हे सगळं आता त्यात येतं. म्हणजे चालता-फिरता माणूसही पात्र असू शकतो. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात, केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं घर.

दुसरा दरवाजा तहसील कार्यालयाचा. तिथे गरिबी मोजतात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना 1500 मिळत होते, ऑक्टोबर 2025 पासून 2500. त्यासाठी वय 65 च्या आत, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत. माझा आक्षेप इथे आहे. 50,000 म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. घरात एक भाऊ भाड्याची रिक्षा चालवत असला तरी आकडा ओलांडतो. तो भाऊ बायकामुलांचं पोट भरेल की अंथरुणावरच्या बहिणीची औषधं आणेल? खरं उत्पन्न सांगणारा इथे बाहेर पडतो. अपंगत्व बहिणीचं, मग मोजणी भावाच्या कमाईची का?

टक्के मिळवणंही सोपं नाही. कर्जतहून मुंबईला थेट लोकल आहे, पण आमचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. खोपोली, मग पेण, मग अलिबाग. व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन हा प्रवास करून बघावा. नियमात मात्र एक सोय आहे: ज्या रुग्णालयात इलाज चालू आहे, तिथेही प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात ज्यांचे कागद आहेत त्यांनी आधी तिथे चौकशी करावी. टक्के कमी लागले तर अपील आहे. गप्प बसून घरी येऊ नये.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे, ती मला उर्दूचा शिक्षक म्हणून दिसते. उर्दूत जबर-जेर-पेश सहसा लिहीत नाहीत. नाव देवनागरीत उतरवताना प्रत्येक कारकून आपल्या मनाने स्वर लावतो. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, रेशनकार्डावर महंमद, आधारवर नुसतं मो. माणूस एकच, सरकारी कागदावर तिघे. अर्ज तिथेच अडकतो. उर्दू शाळांनी दाखला देताना आधारवरचं नाव समोर ठेवून लिहावं, एवढी माझी माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. आधारच चुकलं असेल तर पालकांना आधी ते दुरुस्त करायला सांगावं.

रमजानमध्ये आपण अशा घरी जकात पोहोचवतो. चांगलं आहे, पोहोचवावी. पण ती वर्षातून एकदा पोहोचते, आणि घेणाऱ्याची मान थोडी खाली जाते. दरमहा खात्यात येणारी रक्कम त्याचा हक्क आहे, तिथे कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोराने एक दिवस एका घरासाठी दिला तर अर्ज भरून होतो.

मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळा असतातच. त्याखाली एक कागद चिकटवायला काय हरकत आहे? दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक, फोटो. आणि शेवटी ठळक अक्षरात: सगळीकडे नाव एकच आहे ना, आधी बघा.