शाबूत कुटुंबाचं सर्टिफिकेट

देशातून फोन आला की एक वाक्य ठरलेलं. "तिकडे घटस्फोट फार होतात ना रे? आपली कुटुंबव्यवस्था अजून शाबूत आहे हो!" काका, मावशी, शाळेतले मित्र.. सगळ्यांची तीच टेप. आता मी राहतो आयर्लंडमधल्या ड्रोहेडात, डब्लिनच्या उत्तरेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. आणि या देशात घटस्फोटाचं प्रमाण युरोपात अगदी कमी आहे!

गंमत पुढेच आहे. १९३७ च्या राज्यघटनेनं इथे घटस्फोटावर चक्क बंदी घातली होती. ती उठली १९९५ च्या नोव्हेंबरातल्या सार्वमतात, तीही काठावर: ५०.२८ टक्के विरुद्ध ४९.७२. म्हणजे तोवर इथल्या कोर्टांत घटस्फोट शून्य. काकांच्या हिशेबानं जगातला आदर्श देश.

मग याच आदर्श देशात १९७४ साली, बंदी उठायच्या २१ वर्षं आधी, 'विमेन्स एड' या संस्थेला मार खाऊन घर सोडलेल्या बायका-मुलांसाठी निवारा का उघडावा लागला? लग्नं टिकत होती, आत बाईचं काय चाललंय हे कुणी विचारत नव्हतं. १९७६ पर्यंत नवरा बायकोला न विचारता राहतं घर विकू शकत असे. जाणार कुठे बिचारी? आज ड्रोहेडातही असा निवारा आहे. घरं बिघडली म्हणून तो आला असं नाही, लोकांनी विचारायला सुरुवात केली म्हणून आला.

आता आपल्याकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित बायकांपैकी साधारण एकीनं नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. "असले सर्व्हे काय, काहीही लिहितात," असं म्हणणाऱ्यांनी पद्धत बघावी. घरातल्या एकाच बाईला विचारायचं, ती एकटी असतानाच. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून हलल्याच नाहीत, तर ती बाई आकड्यात येतच नाही!

आणि मुलं. इथल्या मराठी आईबापांची लाडकी तक्रार म्हणजे पोराला एक चापट मारायचीही सोय नाही. खरंय, ११ डिसेंबर २०१५ पासून पालकांची ती कायदेशीर पळवाट बंद झाली. "आम्ही मार खाऊनच इंजिनियर झालो की!" अहो, परत आलेली विमानं मोजून पडलेल्यांचा हिशेब लागतो का? भारत सरकारच्याच २००७ च्या पाहणीत, १३ राज्यांत, तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचं निघालं. वरच्या सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट आहे: लहानपणी बापानं आईला मारताना पाहिलेल्या बायकांच्या वाट्याला पुढे स्वतःच्या घरीही मार जास्त येतो. याला आपण संस्कार म्हणतो का?

विचारायचं कसं हे शिकायला आयर्लंडला यायची गरज नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं. हात मोडून आलेली बाई "जिन्यावरून पडले" म्हणाली, तर तिथल्या डॉक्टर-नर्सना पुढचा प्रश्न विचारायला शिकवलं. तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात तो प्रश्न कोण विचारतं, एकदा चौकशी करून मला कळवा.