लेखकहो, आपली ओळख आपणच लिहा!

परवा एका मंगल परिणयाच्या निमित्ताने नांदगावला जाणे झाले. विधी आटोपला, पंगती बसल्या आणि एक तरुण समोर येऊन उभा राहिला. 'जयभीम सर' म्हणाला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक जाडजूड फाईल काढून त्याने आमच्या हातात दिली. हा मुलगा रेल्वेत रुळांवर काम करतो आणि गेली सहा-सात वर्षे कथा लिहितो. आम्ही मांडवातच एका कडेला बसून दोन कथा वाचल्या. एक थंडीच्या रात्री खांद्यावर हातोडा आणि हातात कंदील घेऊन रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनची, दुसरी कांद्याच्या खळ्यावर दिवसभर कांदा निवडणाऱ्या बायांची. कथा अस्सल होत्या. कुठेही रडगाणे नाही, कुठेही भाषणबाजी नाही.

पण त्या फाईलचे पहिले पान वाचून आम्ही चक्रावून गेलो. ते पान म्हणजे लेखकाचा 'परिचय'. 'सुप्रसिद्ध युवा साहित्यिक' अशी सुरुवात. त्याखाली अकरा पुरस्कारांची यादी. कुणी 'रत्न', कुणी 'भूषण', कुणी 'गौरव'. सोबत शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो. शेवटी 'समाजातील वेदनेला वाचा फोडणारा संवेदनशील लेखक'. आम्ही विचारले, "हे अकरा पुरस्कार कशाबद्दल मिळाले?" तो ओशाळला. म्हणाला, "सर, फॉर्मसोबत नोंदणी फी भरली की मिळतात." आणि या पानावर काय नव्हते? तो रेल्वेत गँगमन आहे हे नव्हते. वस्तीतल्या भीमजयंतीला तो दरवर्षी भिंतीवर हस्तलिखित लावतो, हे नव्हते. त्याची वस्ती नव्हती, त्याची चळवळ नव्हती. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "एका जाणकार माणसाने सांगितले, हे लिहिले की तुला एका कप्प्यात टाकतील. पुस्तक खपवायचे असेल तर हे काढून टाक."

बाबुराव बागूल याच नाशिक जिल्ह्यातले, विहितगावचे. त्यांनीही रेल्वेत नोकरी केली होती. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेची वाट बदलली. त्या पुस्तकाला साठ वर्षे उलटून गेल्यावर, त्याच जिल्ह्यातला, त्याच रेल्वेत काम करणारा आमचा एक लेखक आपल्या परिचयपत्रात पुन्हा जात चोरतो आहे! भाड्याची खोली मिळावी म्हणून नव्हे, पुस्तक खपावे म्हणून. हा दोष त्या पोराचा नाही. परिचय कसा लिहावा हे त्याला कुणी शिकवलेच नाही. ज्याने शिकवले त्याने चोरी शिकवली.

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे. स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात स्वतः करणे म्हणजे मिरवणे. खरा लेखक लिहून मोकळा होतो, बाकीचे जग बघून घेते. ही समजूत ज्यांच्या घरात प्रकाशक, समीक्षक आणि संपादक पिढीजात बसलेले आहेत त्यांना परवडते. आपल्याला ती कधीच परवडली नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला. म्हणजे आपल्या लेखणीची पहिली लढाई जाहिरातीच्या चौकटीवरूनच झाली, हे आपण विसरतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' काढली ती मराठीत, पण तिला इंग्रजी प्रस्तावनाही जोडली. राज्यकर्त्यांना हे पुस्तक कशाविषयी आहे ते त्यांच्या भाषेत कळले पाहिजे, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. त्यात मिरवणे कुठे आहे?

आणि १९३६ साली काय झाले? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांची परिषद रद्द केली. लिहून तयार असलेले भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत होती आठ आणे. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना ही किंमत जास्त आहे, दोन नाहीतर चार आणे ठेवायला हवी होती, असा सल्ला दिला. ज्याने छपाईचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले त्याला किंमत कमी करण्याचा सल्ला! आजही आमच्या लेखकाला असे सल्लागार भरपूर भेटतात. फक्त आता ते 'एक प्रत सप्रेम भेट द्या ना' म्हणतात, आणि त्यात आपलेच समाजबांधव आघाडीवर असतात.

पण आम्हाला नांदगावच्या त्या मुलाला खरे सांगायचे होते ते १९५६ चे. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेला बरोबर एक महिना उरलेला असताना, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना एक पत्र लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापखान्यात होता. पत्रासोबत त्यांनी काय पाठवले? ग्रंथाची अनुक्रमणिका वेगळी छापून तयार केलेली एक पुस्तिका, दोन प्रती! ग्रंथ केवढा व्यापक आहे ते या अनुक्रमणिकेवरूनच कळेल, असे त्यांनी लिहिले. आपण यावर पाच वर्षे खर्च केली हे सांगितले. छपाईला सुमारे वीस हजार रुपये लागतील, ते आपल्या ऐपतीबाहेर आहेत आणि म्हणून आपण सगळीकडून मदत मागतो आहोत, हेही मोकळेपणाने लिहिले. मागणी नेमकी होती: बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त येणाऱ्या विद्वानांना आणि ग्रंथालयांना देण्यासाठी सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात. नेहरूंनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले. प्रकाशनासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, तुम्ही समारंभाच्या वेळी दिल्लीत आणि इतरत्र पुस्तक विक्रीला ठेवा, असा त्याचा मतितार्थ. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

हे पत्र वाचताना आमच्या डोळ्यांत पाणी येते. पण नुसते पाणी आणून भागणार नाही. त्या पत्राची बांधणी पाहा. घटनेचा शिल्पकार, जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस, पत्रात आपल्या मोठेपणाचा डंका पिटत नाही. 'दाहक', 'विदारक', 'काळजाला भिडणारे' असे काही म्हणत नाही. पुस्तकात काय आहे, त्याला किती काळ लागला, खर्च किती, तुमच्याकडून काय हवे, एवढेच सांगतो. आणि पुस्तक हातात येण्याआधी दाखवायला छापील पुस्तिका तयार ठेवतो. नकार आला तो पुस्तिकेत उणीव होती म्हणून नव्हे.

नवोदित लेखकाने आपले परिचयपत्र नेमके असेच करावे, असे आम्हाला वाटते. एक पान पुस्तकाचे: कथा किती, कोणत्या लोकांच्या, कोणत्या काळातल्या, त्यातल्या कोणत्या कुठल्या अंकात छापून आल्या. अर्धे पान स्वतःचे: गाव, काम, शिक्षण, लिहायला कधीपासून लागलो. हेच चार ओळींत बसवून वेगळे ठेवावे, कारण संपादकाला कधी तेवढेच हवे असते. सोबत सर्वांत चांगली एक कथा. सगळी फाईल कुणाच्याही अंगावर टाकू नये. फोटो दिवसाउजेडी काढलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा, शाल नसलेला. फोन नंबर. पुस्तक निघालेले असेल तर किंमत आणि ते कुठे मिळते. हल्ली क्यूआर कोड छापता येतो, तोही छापावा. पण बाबांनो, आधी शुद्धलेखन एकदा कुणा मास्तरांकडून तपासून घ्या. डीटीपीवाला चुका दुरुस्त करत नाही, नव्या घालतो.

मलपृष्ठावरचा मजकूर मोठ्या समीक्षकाकडून घ्यावा की नाही? जरूर घ्यावा. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होतीच. पण पुस्तक काय आहे हे सांगायचे काम दुसऱ्यावर सोपवले की दरवेळी तेच येते: रांगडी भाषा, धगधगते अनुभव, वेदनेचा हुंकार. आमच्याकडे अशी दहा-बारा पुस्तके आहेत. त्यांची मलपृष्ठे आपसांत बदलली तर खुद्द लेखकालाही पत्ता लागायचा नाही. आमच्या माणसाला वेदनेशिवाय विनोद असतो, कारागिरी असते, हट्ट असतो. ते ज्याने लिहिले त्यानेच सांगावे.

हे पत्रक कुणाला द्यायचे? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही त्याच्या पहिल्या पुस्तकाला ती मदत करते. तिथे अर्ज करावा. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. त्याचे वेगळे पैसे लावणारा भेटला तर दोन पावले मागे सरावे. पण सर्वांत आधी हे पत्रक आपल्या माणसांच्या हातात द्यावे. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला माणसे गर्दीत उभी राहून पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेतात. असा वाचक किती भाषांना मिळाला आहे? नांदगावकरांना तर लांबही जायला नको. शेजारीच येवला आहे. धर्मांतराच्या घोषणेच्या स्मरणार्थ १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर लोक लोटतात. पाचशे पत्रके घेऊन तिथे उभे राहावे. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सला जो खर्च येतो त्याच्या आत हे काम होते. आणि आमच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तो एक फ्लेक्स कमी लावला तर पुढाऱ्याचे आयुष्य काही कमी होणार नाही!

हे सगळे आम्ही त्या मुलाला मांडवातच सांगितले. सांगताना त्याला मनमाडचीही आठवण दिली. मनमाड याच नांदगाव तालुक्यात. १९३८ च्या फेब्रुवारीत तिथे अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. त्याच भाषणात त्यांनी आपल्या माणसाला रेल्वेत जन्मभर गँगमनच का राहावे लागते तेही मांडले होते: पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते, म्हणून अस्पृश्याला पोर्टरही करत नाहीत. ज्या गँगमनबद्दल बाबासाहेब बोलले, त्याच गँगमनच्या कथा तू लिहितोस, आणि परिचयात तेवढाच शब्द गाळतोस?

तो काही बोलला नाही. फाईल पिशवीत घालून निघून गेला. आम्हाला वाटले, पोरगा दुखावला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, कागदोपत्री आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. परिचयात काय लिहू?"

"तुझ्या लाईनीत तुला काय म्हणतात?"

"गँगमनच म्हणतात."

"मग तेच लिही."

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नवे पान आले. पहिल्याच ओळीत नांदगाव होते, दुसऱ्या ओळीत गँगमन होता, आणि खाली भीमजयंतीच्या भित्तीपत्रकाची सर्व वर्षे ओळीने लिहिलेली होती. अकरा पुरस्कार गेले होते. फक्त एक बक्षीस त्याने ठेवले होते. सातवीत असताना वस्तीतल्या भीमजयंतीच्या निबंध स्पर्धेत पहिला नंबर, बक्षीस एक डझन वह्या. ते आम्ही काढायला सांगितले नाही.