प्रसूतिगृहाच्या दाराआड

बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटत आहे, याचा आनंद कोणास होणार नाही? २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७ व महाराष्ट्रात ३३ इतके होते. परंतु माता जिवंत घरी गेली, एवढ्यानेच समाजाचे कर्तव्य संपते काय?

आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणास माहेरी येते. कठीण वेळी आईचा हात पाठीवर असावा, हाच त्या रूढीचा अर्थ होय. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या लेकींना खासगी रुग्णालयातही तो हात अनेकदा लाभतो. सार्वजनिक रुग्णालयात मात्र गरिबाघरची आई पुष्कळदा दाराबाहेर ताटकळते आणि आत तिची मुलगी अनोळखी माणसांत एकटीच कळा सोसते. ती ओरडली, तर धीराऐवजी बोल ऐकण्याची पाळी येते.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोगांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती काहीशी लवकर झाली, शस्त्रक्रिया कमी कराव्या लागल्या व त्या अनुभवाची कटू आठवणही कमी जणींच्या मनात राहिली, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये अशा सोबतीची शिफारस केली.

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत सोबतिणीस मुभा दिली. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, इतक्याच साध्या अटी. मग अडते कोठे? दोन खाटांमध्ये पडदा नसेल, तर एकीच्या आईस आत घेताना दुसरीची लाज उघडी पडते. याचा दोष कामाच्या ओझ्याने वाकलेल्या परिचारिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उलट, धीर देणारी सोबतीण त्यांचाही भार हलका करील.

राज्य शासनाने व महापालिकांनी प्रत्येक खाटेस पडदा व सोबतिणीस बसावयास जागा द्यावी, परिचारिकांची रिक्त पदे भरावीत आणि सोबतीचा हा अधिकार प्रसूतिगृहाच्या दारावर ठळक मराठीत लिहावा. प्रसूतिकालीन साहाय्याचा देशातील पहिला कायदा १९२९ साली मुंबई इलाख्याने केला. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्यांस एक पडदा आणि एक बाक जड जाऊ नये!