चोवीस सीझन, एक डावा हात

अप्रेझलचे दिवस आले की ऑफिसात एक मंत्र हमखास ऐकू येतो, 'ऑलराउंडर व्हा!' अशा वेळी मला जेसी ओरोस्को आठवतो. नाव ऐकलं नसेल तर टेन्शन नको, बेसबॉल आपल्याकडे बघतो कोण? पण मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त मॅचेसमध्ये पिचिंग करण्याचा रेकॉर्ड या डावखुऱ्याच्या नावावर आहे. तब्बल १२५२ मॅचेस!

पिचर म्हणजे आपला बोलर. ओरोस्को रिलीफ पिचर, म्हणजे आधीचा थकला किंवा मार खायला लागला की बोलावतात तो. १९८६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये शेवटचा बॅटर आउट करून त्याने न्यूयॉर्क मेट्सला जिंकवलं आणि आपला ग्लव्ह सरळ आभाळात भिरकावला. एकदम हीरो!

मला मात्र त्याची नंतरची इनिंग जास्त आवडते. वय वाढलं तसं काम आक्रसत गेलं. समोर डावखुरा बॅटर आला की याला बोलवायचं, कारण डावखुऱ्या पिचरचा वळणारा बॉल त्या बॅटरपासून लांब जातो. एक-दोन बॅटर झाले की ड्युटी संपली. बोलावणं कधी येईल, भरवसा नाही. हात मात्र गरम ठेवायचा. कधी सगळा वॉर्म-अप करूनही नंबर लागत नाही. (मी फ्रीलान्सर आहे, हे फीलिंग मला चांगलंच कळतं.) अशा रीतीने नऊ टीम्स आणि २४ सीझन्स! २००३ मध्ये थांबला तेव्हा साहेबांचं वय होतं ४६.

पण थांबा, लगेच 'स्पेशलिस्टच व्हायचं' असं ठरवू नका. २०२० मध्ये मेजर लीगने नियम बदलला. मॅचेस फार रेंगाळतात म्हणून आता पिचरने किमान तीन बॅटर्सना तोंड द्यायचं किंवा ती इनिंग संपवायची. आजारपण किंवा दुखापत असेल तरच सूट. झालं! एका बॅटरपुरता येणाऱ्या डावखुऱ्याची पोस्टच गेली. हात तोच, स्किल तेच, पण वर कुणीतरी पॉलिसी बदलली. ओळखीचं वाटतंय ना?

डावखुरे रिलीफ पिचर आजही आहेत, पण त्यांना आता उजव्या हाताच्या बॅटरलाही आउट करावं लागतं. म्हणून माझा हिशेब साधा आहे. एक काम असं यावं, की त्यासाठी तुम्हालाच फोन करावा लागेल. आणि पुढच्या दोन बॅटर्सची तयारी फोन येण्याआधीच झालेली असावी!