चाचणी मागा, पण अटी घालून

आठवी-नववीत शाळा सुटलेल्या मुलांच्या घरी गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्याच्या डोक्यातच बसत नव्हतं, ताई." हे कोणी तपासले, असे विचारले तर उत्तर येते, "बाई म्हणाल्या" किंवा "आम्हाला दिसतंच की." तपासलेले कोणीच नसते. घाटकोपरची रमाबाई कॉलनी असो, की मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्या, मुलाला ताप आला की आपण रक्त तपासतो. मूल शिकत नसेल तर मात्र 'ढ' म्हणून मोकळे होतो.

उलटही घडते. शाळा म्हणते, "याची बुद्धिमापन चाचणी करून आणा", आणि घरात रडारड होते. पोराला वेडा ठरवतील, पुढे लग्न जमणार नाही, दाखल्यावर डाग लागेल, अशी भीती वाटते. माझे मत स्पष्ट आहे. चाचणीला घाबरू नका, उलट ती मागून घ्या. पण ती कशी व्हावी, याच्या अटी आपण घातल्या पाहिजेत.

कारण ही चाचणी माणसांनी बनवलेली आहे आणि तिला इतिहास आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जादा मदत हवी हे शोधण्यासाठी. बुद्धी जन्मापासून ठरलेली असते आणि बदलत नाही, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्याकडे व. वि. कामत यांनी धारवाडमध्ये ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली आले. पुढे नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी आणखी एक चाचणी बसवली. 'बिने-कामत' आणि 'मालिन' ही नावे आजही आपल्या रुग्णालयांच्या अहवालांत दिसतात. म्हणजे ज्या मापाने आज आपले मूल मोजले जाते, ते माप कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांवरून ठरवलेले आहे.

मापावर प्रश्न विचारता येतो, हे अमेरिकेतल्या काळ्या पालकांनी दाखवले. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकाच्या आधारे काळ्या मुलांना सरसकट 'मंद' मुलांच्या वर्गात टाकले जात होते. पालक न्यायालयात गेले. १९७९ साली 'लॅरी पी.' खटल्यात न्यायालयाने अशा वर्गांसाठी काळ्या मुलांवर ही चाचणी वापरायला मनाई केली. ज्या घरात पुस्तके नाहीत, ज्या मुलाची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, त्याचे गुण कमी आले तर त्यात त्याला न मिळालेली संधीही मोजली गेलेली असते. हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून माझी पहिली अट, आधी डोळे, कान आणि रक्त तपासा. फळा न दिसणारे किंवा वाहत्या कानामुळे अर्धवट ऐकणारे मूल 'लक्ष देत नाही' असेच दिसते. अशक्तपणा आणि थायरॉइडची कमतरता यांनीही मूल मागे पडते. ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. तिथे जा.

दुसरी अट, चाचणी घरच्या भाषेत व्हावी. वस्तीत इंग्रजी माध्यमाच्या छोट्या शाळा खूप आहेत. त्यातले मूल घरी मराठी बोलते. त्याला इंग्रजीत प्रश्न विचारून 'कमी बुद्धी' म्हणणे अन्याय आहे. मराठीत प्रश्न विचारणारी चाचणी ऐंशीहून जास्त वर्षे आपल्याकडे आहे.

तिसरी अट, एका आकड्यावर भागवू नका. सरासरी १०० धरतात, आणि साधारण ७० च्या खाली बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. पण फक्त आकड्यावर ते ठरत नाही. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून सामान आणते का, सुटे पैसे मोजून घेते का, हेही पाहावे लागते. मालिनच्या चाचणीत शब्दांचा एक भाग आणि ठोकळे-चित्रांचा दुसरा भाग असतो. शब्दांत ८० आणि ठोकळ्यांत १०५ आले, तर मधला एकच आकडा सांगून घरी पाठवू देऊ नका. एवढा फरक का पडला, ते विचारा.

चौथी अट, लेखी अहवाल हातात घ्या आणि तो मराठीत समजावून मागा. चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली आहे का, हे विचारायला लाजू नका.

पुष्कळ मुलांची बुद्धी उत्तम असते, फक्त वाचन, लेखन किंवा गणित अडते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. 'तारे जमीन पर' मधला ईशान आठवा. तिसरीच्या आसपास, आठ वर्षांनंतर याचे निदान नीट होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात. ४० टक्के किंवा जास्त अक्षमता असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के राखीव जागांचा हक्क आहे. त्यामुळे जातीचा दाखला कुठे जात नाही, दोन्ही हक्क सोबत चालतात. सायन, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. रांग मोठी असते, फेऱ्या पडतात, रोजंदारी बुडते. म्हणून दहावीची वाट न पाहता पाचवी-सहावीतच केसपेपर काढा.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी 'डीएमआयटी' नावाची तपासणी काही शाळांतून, क्लासमधून विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. हात पाहणाऱ्या ज्योतिषाला आपण दारातूनच परत पाठवतो. तोच लॅपटॉप घेऊन आला तर त्याला हजारो रुपये का द्यायचे?

मोठ्यांचेही तसेच आहे. आजी तीच गोष्ट पुन्हा विचारते, गॅस बंद करायला विसरते, ओळखीच्या गल्लीत चुकते, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. देशात साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. मात्र बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य आणि बहिरेपणा यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. मोठ्यांच्या प्रचलित चाचणीत ३० गुण असतात. त्यात एक वाक्य लिहायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजीचे गुण तिथे आपोआप कमी होतात. निरक्षर माणसांसाठी हरियाणातल्या बल्लभगढ भागात वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली, ती याच कारणाने. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, "आई शिकलेली नाही, पण चाळीस वर्षे भाजीचा हिशेब तोंडी करत होती. तो आता सहा महिन्यांपासून चुकतोय." ही माहिती गुणांइतकीच मोलाची आहे.

पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक काम करा. आपल्या गल्लीत शाळा सुटलेली किंवा सुटण्याच्या बेतात असलेली मुले किती, याची यादी करा, आणि त्यातल्या किती जणांचे डोळे-कान तरी तपासले आहेत ते विचारा. एकट्या आईला रुग्णालयाच्या तीन फेऱ्या जड जातात. चार जणी मिळून गेल्या तर एक जण रांगेत उभी राहते, एक मुले सांभाळते. बाळाला लस द्यायला आपण अशाच मिळून जात आलो आहोत.