टिळकांनीं नोकरी सोडली ती केव्हां?

हल्लीं एखादा मुलगा स्वतः गीत रचून, स्वतःच चाल लावून, कोणाच्याही आश्रयावांचून गाऊं लागला म्हणजे आईबापांच्या पोटांत गोळा उठतो. ‘गाण्यानें पोट भरतें काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारतांना रे. नारायण वामन टिळक यांचें चरित्र डोळ्यांपुढें असावें.

१८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाले आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ अहमदनगराकडे अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत राहिले. त्या काळीं मंडळ्यांतून इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ म्हटलीं जात. टिळकांनीं ख्रिस्तभक्ति अभंग, भजन व कीर्तन यांतून विपुल गाइली. म्हणूनच आपल्या जालन्यासारख्या गांवींही तीं पदें अक्षरशत्रु आजीबाईंस पाठ असतात. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ हें स्वतंत्र कार्य आरंभिलें. (पगार सोडणें म्हणजे काय, हें मजसारख्या पगारी शिक्षकास कोणीं सांगावयास नको!) दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, ते निवर्तले, अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

मुलांनो, टिळकांचा राजीनामा तुम्हांस मोहक वाटेल. पण तो देतेवेळीं त्यांचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें होतें आणि शेंकडों पदें लिहून झालीं होतीं. तेव्हां पद रचा, परीक्षाही द्या. येत्या नाताळासाठीं कोणी नवें पद केलें असेल तर तें मजकडे आणावें. पालकांनीं तें निदान एकदां शांतपणें ऐकावें.