ईमेल स्वदेशी की परदेशी, हा दुय्यम प्रश्न आहे

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर हलवण्यात आल्याचे वृत्त २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आले आणि तत्काळ दोन फळ्या उभ्या राहिल्या. एका फळीला त्यात डिजिटल स्वातंत्र्याची पहाट दिसली, दुसरीला खासगी हाती सोपवलेल्या सरकारी किल्ल्या. विज्ञानाच्या वर्तुळातही हा वाद याच रुळांवरून धावतो : गुगल की मायक्रोसॉफ्ट, परदेशी की स्वदेशी. मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलताच मान्य करून टाकली आहे. आपली पत्रे कायम दुसऱ्याच्या घरी राहणार आणि ती शोधायची तर त्या घरमालकाने उघडून दिलेल्या खिडकीतूनच डोकवावे लागणार, ही ती गोष्ट. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे. पत्रांची एक प्रत आपल्या यंत्रावर साध्या फाइलींच्या रूपात असावी आणि तिला आपण आपल्या आज्ञांनी प्रश्न विचारावेत, ही सोय ज्या व्यवस्थेत नाही ती कोणत्या देशाची आहे याने संशोधकाला फारसा फरक पडत नाही.

संशोधकाला म्हणतो, कारण त्याच्या पत्रव्यवहाराचे स्वरूप वेगळे आहे. प्रसिद्ध शोधनिबंधात ‘अमुक कालावधीतील मापने वगळली’ एवढे एकच वाक्य असते. ती का वगळली, कोणी सुचवले, कोणी विरोध केला, विद्युतदाब कोणत्या रात्री घसरला होता, हे सारे ईमेलमध्ये असते. कल्पना प्रथम कोणी मांडली या वादाचा निकाल देणारा कागद बहुधा तोच. शोधनिबंध वाचायला मिळावेत म्हणून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेवर आपण तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ते योग्यच झाले. पण त्याच निबंधांच्या पोटातला हा कच्चा माल, विद्यार्थ्याला पदवी मिळून त्याचे खाते बंद होते त्या दिवशी, कोणाच्याही डोळ्यांत पाणी न आणता नाहीसा होतो. गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली ‘अमर्याद’ साठवण २०२२ मध्ये संपूर्ण संस्थेमागे १०० टेराबाइट या मूळ मर्यादेवर आणली. त्यानंतर ‘जुन्या मेल काढून टाका’ अशा सूचना किती आवारांत फिरल्या, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. जुने ते निरुपयोगी, हा निकष साठवणूकदाराचा आहे. प्रयोगवहीला तो कोणी लावत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते : ‘सगळे तिथेच आहे, वरच्या पट्टीत शब्द टाका, मिळते.’ मिळते, हे खरे. प्रश्न आहे तो मिळत नाही तेव्हाचा.

प्रोटॉनचा क्षय आजवर कोणालाही खात्रीने दिसलेला नाही. तरीही त्या न दिसण्यातून, सुपर-कामिओकांदे या जपानमधील उपकरणाच्या आधारे, क्षयाच्या काही मार्गांपुरते प्रोटॉनचे आयुर्मान एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, असे आपण ठामपणे सांगू शकतो. तो शून्य बोलका आहे, कारण किती टन पाणी, किती वर्षे, किती कार्यक्षमतेने पाहिले याचा हिशेब त्याच्या मागे उभा आहे. आता ईमेलच्या खिडकीत ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर येते तेव्हा त्यामागे कोणता हिशेब असतो? कोणते फोल्डर तपासले, अटॅचमेंटच्या आत पाहिले का, शब्दाची रूपे धरली का, हे आपल्याला ठाऊक नसते. २०२५ च्या मार्चमध्ये गुगलने जीमेलच्या शोधात ‘सर्वांत सुसंगत’ हा क्रम आणला. तो पत्र किती ताजे आहे, ते किती वेळा उघडले, संबंधित व्यक्तीशी आपला संपर्क किती, यांवर ठरतो. जेवणाचे बिल शोधताना ही सोय उत्तम. पण ज्या पत्राकडे तीन वर्षे कोणी फिरकले नाही, तेच संशोधकाला हवे असते. एकच प्रश्न आज आणि महिन्याने विचारला तर उत्तरांचा क्रम बदलतो आणि तो का बदलला हे आपल्याला तपासता येत नाही. विद्यार्थ्याने असे उपकरण प्रयोगशाळेत आणले तर मार्गदर्शक ते दाराबाहेर ठेवायला लावतील.

कमांड लाइनवरचा शोध या बाबतीत जुन्या वळणाचा आणि म्हणून विश्वासार्ह आहे. एमबीसिंकसारखे साधन आयमॅपच्या मार्गाने पत्रे यंत्रावर उतरवते. मेलडिर या रचनेत प्रत्येक पत्र एक स्वतंत्र फाइल असते. त्यावर नॉटमच किंवा म्यू ही मुक्त साधने सूची बांधतात. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलेले नॉटमच पत्राच्या फाइलीतील मजकुराला हात लावत नाही. सूची आणि खुणा वेगळ्या विदागारात ठेवते. मग प्रेषक अमुक, तारीख २०२१ ते २०२३, विषयात ‘कॅलिब्रेशन’, सोबत पीडीएफ, असा प्रश्न एका ओळीत विचारता येतो. ती ओळ फाइलीत जपून ठेवता येते, सहकाऱ्याला देता येते, वर्षभराने पुन्हा चालवता येते, आणि तिचे उत्तर दुसऱ्या आज्ञेच्या तोंडी देऊन महिन्यागणिक मोजदादही करता येते. या साधनांनाही आंधळे कोपरे आहेत. नॉटमच पीडीएफच्या आतला मजकूर वाचत नाही, केवळ फाइलीचे नाव धरते. ‘स्पॅम’ आणि ‘डिलीटेड’ या खुणांची पत्रे सामान्य मांडणीत उत्तरातून वगळते. पण हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे आणि वगळणे थांबवताही येते. शून्यामागचा हिशेब मिळतो तो असा.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना तर हा विषय अधिकच जवळचा आहे. टर्मिनल नुकतेच शिकलेला विद्यार्थी पहिली चूक करतो ती म्हणजे पत्रांच्या फाइलींवर थेट ग्रेप चालवणे. केन थॉम्पसन यांचे हे साधन १९७३ पासून युनिक्समध्ये आहे आणि साध्या मजकुरासाठी त्याला तोड नाही. पण ईमेलची मूळ घडण सात बिटांच्या आस्कीसाठी झालेली आहे. म्हणून देवनागरी मजकूर पुष्कळदा बेस-६४ पद्धतीने रोमन चिन्हांत गुंडाळून पाठवला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि बेस-६४ दर तीन बाइटांची चार चिन्हे करते. जुळणी ऐकायला सुरेख वाटते. परंतु दोन शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असते, त्यामुळे ही जुळणी एका घराने सरकते आणि पुढचा शब्द निराळ्याच वेषात उतरतो. ‘प्रयोग’ हा एकच शब्द, त्याच्या आधी किती बाइट गेले यानुसार, तीन वेगवेगळ्या रूपांत दडलेला असू शकतो. त्यातच ठरावीक लांबीनंतर ओळ तुटते ती शब्दाच्या मध्यावरही तुटते. ग्रेप मुकाट्याने शून्य सांगतो, आणि तो शून्य खोटा असतो.

नॉटमच हे वेष्टन उलगडून मगच सूची करते, त्यामुळे देवनागरी शब्द देवनागरीतच शोधता येतो. तरी एक अडचण उरते, ती आपल्या व्याकरणाची. इंग्रजी शब्दांची रूपे एका मुळाशी आणण्याची सोय तिथे तयार आहे, मराठीची नाही. ‘प्रयोग’ शोधल्यास ‘प्रयोगाचा’ सापडणार नाही. शब्दाच्या शेवटी तारका लावली की तो सापडतो. पण ‘शाळा’ला तारका लावून ‘शाळेत’ मिळत नाही, कारण सामान्यरूपात शेवटचा स्वर बदलतो. तारका ‘शाळ’पाशीच लावावी लागते. शालेय व्याकरणातले सामान्यरूप इतक्या वर्षांनी असे उपयोगी पडेल, हे आपल्या बाईंना सांगितले असते तर त्यांना किती बरे वाटले असते! मराठीसाठी मूळरूपे काढणारी चांगली संहिता लिहून ती अशा मुक्त साधनांना जोडणे, हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प आहे. स्वदेशीच्या घोषणेपेक्षा त्याने भाषेचे अधिक भले होईल.

शब्द सापडला म्हणजे पुरावा सापडला असेही नाही. २००९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन विभागातील हजाराहून अधिक ईमेल चोरून जाहीर करण्यात आली. त्यांतले दोन-चार शब्द वेचून शास्त्रज्ञांवर लबाडीचा आरोप झाला. नंतरच्या अनेक चौकशांत विदेची लबाडी आढळली नाही. संवादाच्या साखळीतून तोडलेला शब्द काहीही बोलतो. नॉटमचच्या शोधाचे मूळ एककच संवादाची साखळी आहे, ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

गाळणीबद्दल थोडक्यात. फसव्या नियतकालिकांची ‘आदरणीय प्राध्यापक’ अशी सुरुवात करणारी आमंत्रणे आपल्याकडच्या प्रत्येक संशोधकाला येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादी बंद केल्यावर नियतकालिकाची पारख व्यक्तीवर आणि संस्थेवर आली आहे. अशी पत्रे उडवून लावण्याऐवजी त्यांना खूण करावी, म्हणजे वर्षअखेरीस कोणत्या पत्त्यांवरून किती आली ते मोजता येते. विभागातल्या दहा जणांनी केवळ मोजणीचे आकडे एकत्र केले तरी नव्या विद्यार्थ्याच्या हाती कामाची यादी पडेल.

आक्षेपांपैकी एकच मला वजनदार वाटतो, तो सुरक्षेचा. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या सेवेत आयमॅपसाठी केवळ नाव-पासवर्ड देण्याची पद्धत बंद करायला घेतली आणि गुगलनेही तीच वाट धरली. ते रास्त आहे. चोरलेल्या पासवर्डने किती घरे फुटली ते आपण पाहिले आहे. परंतु त्याऐवजी आलेली ओ-ऑथ ही टोकन पद्धत आयमॅपबरोबर व्यवस्थित चालते. प्रवेशाचे कुलूप बदलणे वेगळे आणि त्या निमित्ताने आयमॅपचे दारच भिंत घालून बुजवणे वेगळे. ‘सुरक्षेसाठी’ एवढा एकच शब्द लिहून आयमॅप बंद करणाऱ्या प्रशासकाने नेमका धोका कोणता ते सांगायला हवे. लॅपटॉप चोरीला जाण्याची भीती असेल तर डिस्क कूटबद्ध करावी. ती करायला हवीच.

‘हे फार अवघड आहे’ हा आक्षेप मात्र मी मानत नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईचे एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी जोडल्या जात होत्या, तेव्हा ईमेल टर्मिनलवरच वाचली जात असे. १४ ऑगस्ट १९९१ रोजी पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोसमध्ये सुरू केलेले, आज अर्काइव्ह म्हणून ओळखले जाणारे भांडार आरंभी ईमेलवरच चालत असे : विषयाच्या ओळीत आज्ञा लिहून पाठवायची, उत्तरादाखल निबंध यायचा. ज्या विद्यार्थ्याला पायथॉनमध्ये हिस्टोग्राम काढता येतो त्याला नॉटमच एका दुपारी जमते. स्वतःच्या पत्रांवर हात चालवायला धास्ती वाटत असेल तर एन्रॉन कंपनीच्या सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांची पाच लाखांच्या आसपास ईमेल, चौकशीनंतर खुली झालेली, सरावासाठी उपलब्ध आहेत.

संस्थांकडे मागणी दोनच गोष्टींची करावी. पुढचा ईमेल करार कोणाशीही होवो, आयमॅप खुले ठेवण्याची अट त्यात असावी. आणि खाते बंद करण्यापूर्वी किमान ९० दिवस विद्यार्थ्याला आपली पत्रे प्रमाणित फाइलींच्या रूपात उतरवून घेता यावीत. तुमची संस्था केंद्राच्या अखत्यारीत असेल तर सध्याच्या करारात आयमॅपबद्दल काय लिहिले आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.